डोकं माझं, धड देनीचं

चिठ्ठीवर लिहिलं होतं : बाहुलीचे डोके, नग एक. खाली कस्टमची रक्कम, एकशे सदुसष्ट लेव्ह. आणि त्याच्याही खाली लाल शाईत, शुक्रवार दुपारी चारपर्यंत.

मी ती दोनदा वाचली आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवून टाकली. पाच महिने मी या डोक्याची वाट बघत होते. जानेवारीत चिठ्ठी आली असती तर मी चपलासुद्धा न घालता देनीच्या घरापर्यंत पळत गेले असते, जिन्यात ओरडत, शेजाऱ्यांच्या शिव्या खात. जूनमध्ये मी पेलाभर आयरान, म्हणजे खारं ताक प्याले, पेला धुतला आणि पालथा घातला. मग आठवलं की काहीतरी करायला हवं.

आधी बाहुलीचं सांगते, म्हणजे डोकं एकटंच का आलं ते कळेल. या बाहुल्या कोरियात बनतात. हातभर लांब, काचेचे डोळे, बोटांच्या पेरांपर्यंत सांधे, आणि आतून इलॅस्टिक ओवलेलं. एकीची किंमत ऐकून माझी आई म्हणाली होती, "एवढ्यात तर जुनी मोपेड येते, आणि ती निदान दुकानात तरी नेते." म्हणून हा नाद असलेले लोक बाहुली वाटून घेतात. एकाला डोकं हवं असतं, दुसऱ्याला धड, मग दोघं मिळून मागवतात आणि आपापला भाग घेऊन घरी जातात. ते आपल्या भागाला दुसरं कुठलंतरी धड किंवा दुसरं कुठलंतरी डोकं लावतात. देनी आणि मी मात्र वाटून घेतली आणि परत जोडली. एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे. बाहुलीवाल्यांच्या गटात आम्हाला सगळे हसले. "असं कोणी करतं का गं?" आम्ही करत होतो. दोन मार्च महिने शाळेबाहेर मार्तेनित्सा, म्हणजे वसंत आला की मनगटाला बांधतात ते गोंडे विकले, बोटांना लाल-पांढऱ्या दोऱ्याचे वळ पडेपर्यंत. डोक्याचे पैसे मी दिले, धडाचे देनीनं. नावावरून एकमत झालं नाही, म्हणून तिला नुसतंच बाईसाहेब म्हणायचो. मागवली होती देनीच्या आईच्या, स्नेझाना मावशीच्या कार्डावरून, आणि तेव्हाचं कस्टमही मावशीच्याच नावानं भरलं होतं.

जानेवारीत देनीनं बाईसाहेबांची डावी भुवई जरा पुसट करायला घेतली. नेलपॉलिश काढायच्या द्रावणानं. भुवई गेली, पापणी गेली, अर्धा गाल गेला. मग आम्ही डोकं काढून इंग्लंडला हेझेल नावाच्या बाईंकडे पाठवलं. त्या चेहरे रंगवतात, आणि त्यांच्याकडे पाच-पाच महिन्यांची रांग असते. टपालात पाठवताना मी अर्जावर लिहिलं : भेटवस्तू, खेळणे, किंमत दहा लेव्ह. सगळेच तसं लिहितात.

आणि मार्चमध्ये देनी म्हणाली, "आम्ही उल्मला चाललोय. जूनमध्ये. सगळे."

तिचे बाबा दीड वर्षापासून जर्मनीत, उल्मलाच होते. आम्ही शाळेमागच्या भिंतीवर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होतो. मी म्हटलं, "अरे वा." आणि बिया खात राहिले. पुडी संपली तेव्हा कागद चुरगळून खिशात टाकला. त्यानंतर काय झालं म्हणाल, तर काही नाही. गणिताची चाचणी झाली. केस कापले. चोवीस मेच्या, अक्षरदिनाच्या मिरवणुकीत आमच्या शाळेतर्फे मी माइकवर बोलले, अख्ख्या रुसे गावासमोर, कागदात न बघता. आई रडली, मुख्याध्यापिकाबाईंनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले. तेव्हापासून मला कुठल्याही खिडकीची, कुठल्याही साहेबाची भीती वाटत नाही. तसं पाहिलं तर दुसरंही काही वाटत नव्हतं. पण भीती वाटत नाही हे तरी कामाचं होतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी कस्टमच्या खिडकीवर गेले. आत ख्रुसानोवाबाई होत्या. चष्मा साखळीला, समोर छोटा पंखा, आणि शिक्क्यांच्या शेजारी बशीत चेरी.

"कोण गं तू?"

"ते डोकं माझं आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हो, दिसतंय. खांद्यावरच आहे. काम काय?"

मी चिठ्ठी सरकवली. "बाहुलीचं डोकं. पण हे मी विकत घेतलेलं नाही. आमचंच आहे. रंगवायला पाठवलं होतं, परत आलं. आपलीच वस्तू घरी आणायला कोणी एकशे सदुसष्ट लेव्ह भरतं का?"

बाईंनी संगणकावर काहीतरी ठोकलं, एक चेरी खाल्ली, बी चिमटीत धरून वाचत राहिल्या. "जाताना किंमत लिहिलीस दहा. येताना लिहून आलंय सहाशे सहा. इंग्लंडची हवा चांगलीच मानवली म्हणायची हिला."

"सगळेच तसं लिहितात."

"सगळेच लिहितात, आणि मग सगळेच इथं येऊन माझ्याशी भांडतात. मी काय सांगू तुला? दहा लेव्हाचं खेळणं गेलं, सहाशेचं डोकं आलं. ही दोन एकच आहेत हे मला कोण सांगणार? डोकं सांगणार?"

"मी सांगतेय ना."

"तू कोण? वय काय तुझं?"

"सोळा. आईचं संमतीपत्र आणलंय." तेही दिलं.

बाईंनी ते वाचलं, घडी घातली, परत दिलं. आवाज थोडा खाली आला. "हे बघ. डोकं असेल तर धडही असेल ना कुठंतरी?"

"आहे. मैत्रिणीकडे."

"मग धड आण. पहिल्यांदा आली तेव्हाचे कागद आण. ज्याच्या नावानं आली त्याचं पत्र आण. जुळलं, तर दुरुस्तीला जाऊन आलेला माल म्हणून धरीन. मग फक्त रंगवण्याच्या मजुरीवर पैसे पडतील. पस्तीस. नाही जुळलं, तर एकशे सदुसष्ट."

"आणि शुक्रवारी चारनंतर?"

त्यांनी पार्सलावरच्या कागदाची नक्कल माझ्याकडे फिरवली आणि नखानं एक चौकोन दाखवला. त्यात फुली होती. "पाठवणारीनं लिहून दिलंय, कोणी घेतलं नाही तर बेवारस समजा. परतीचं टपाल वाचवलं बाईनं. बेवारस म्हणजे पोत्यात, आणि पोतं भट्टीत. खोट्या कंपन्यांच्या बुटांबरोबर."

"डोकं जाळणार?"

"मी नाही जाळत, बाळा. त्याला वेगळा माणूस आहे."

त्या रात्री मी हेझेलबाईंना लिहिलं. उत्तर लगेच आलं : मी नेहमी तिथंच फुली करते, आजवर कधी वेळ आली नाही, सॉरी. त्यापुढे रडणारे तीन इमोजी. मी आमच्या वर्गाच्या समुद्रसहलीसाठी साठवलेले पैसे मोजले. एकशे दहा. परत पाकिटात ठेवले आणि झोपले. झोप मस्त लागली, ते तर मला आणखीच विचित्र वाटलं.

देनीकडे मी एप्रिलच्या शेवटापासून गेले नव्हते. भांडण झालं नव्हतं. मिरवणुकीच्या तालमी होत्या, मग चाचण्या होत्या, मग काहीच नव्हतं तरी मी गेले नाही. वर्गात आम्ही बोलायचो. "पेन आहे का?" "घे." एवढं.

बुधवारी बेल वाजवली तर स्नेझाना मावशीनं दार उघडलं, दातांत चिकटपट्टीचा तुकडा धरून. तो काढून ओरडली, "अगंबाई, राली! जिवंत आहेस तर! मला वाटलं आमच्याआधी तूच जर्मनीला पोचलीस."

"अभ्यास होता, मावशी."

"हो का? चोवीस तारखेला माइकवर काय अभ्यास होता तो! आख्ख्या गल्लीनं ऐकला. ये, खोक्यांना लाथ लागू देऊ नकोस. एकच पातेलं बाहेर ठेवलंय, त्यातच चहा, त्यातच सूप. चहा देऊ की सूप?"

"काही नको."

"मग दोन्ही एकदमच देते," म्हणून ती हसत आत गेली.

देनी जमिनीवर बसून ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिनं वर बघितलं. मी दारातच उभी राहिले.

"डोकं आलं," मी म्हटलं.

"बरं."

"एकशे सदुसष्ट मागतायत."

"बरं."

"धड आणि कागद घेऊन आलीस तर पस्तीसवर येईल. शुक्रवारी चारच्या आत."

"धड बांधलंय."

"कुठं?"

तिनं हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. भिंत दिसत नव्हती, नुसती खोकी. "कढया आणि झाकणं असं लिहिलंय त्यात."

"बाईसाहेब कढयांत?"

"मऊ टॉवेलात आहे."

मी वाट बघितली. एक ताटली झाली, दुसरी घेतली. वर्तमानपत्राचा आवाज तेवढा येत होता.

"आणि नाही नेलं तर?" तिनं विचारलं. कुतूहलानं नाही. बसची वेळ विचारावी तसं.

"जाळून टाकतात. बुटांबरोबर."

देनीनं ती ताटली पूर्ण गुंडाळली, कोपरे आत दुमडले, रचलेल्या ताटल्यांवर ठेवली. मग म्हणाली, "येते शुक्रवारी."

कढया आणि झाकणं असं लिहिलेली तीन खोकी निघाली. तिसऱ्यात ती सापडली. टॉवेल उलगडला आणि मी बघतच राहिले. धड पिवळं पडलं होतं. बटाट्याच्या सालीसारखं. या बाहुल्यांना ऊन लागलं की असं होतं, हे देनीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. आम्ही तिला कायम कपाटात ठेवायचो.

"तू हिला खिडकीत ठेवलंस!"

"बरी दिसायची उन्हात."

"डोकं नसताना?"

"हात बरे दिसायचे," देनी म्हणाली.

स्नेझाना मावशीनं कागद शोधून दिले आणि एका कोऱ्या पानावर खाली सही ठोकली. "घ्या. वर काय हवं ते लिहा. घर माझ्या नावावर नाही, गाडी माझ्या नावावर नाही, एक बाहुली आहे. तेवढी तरी नीट सोडवून आणा." मग सूप प्यायला बसवलं. सुपाला चहाचा वास येत होता.

शुक्रवारी तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही खिडकीसमोरच्या रांगेत होतो. देनीच्या कापडी पिशवीतून बाईसाहेबांचे पाय बाहेर आले होते. पुढे गळाची पेटी सोडवायला आलेला एक काका होता. तो सारखा मागे वळून त्या पायांकडे बघत होता. शेवटी राहवलं नाही त्याला.

"बाकीची कुठाय, पोरींनो?"

"आत," मी म्हटलं. "अटकेत."

"अरेरे. काय केलं तिनं?"

"किंमत लपवली."

काका एवढ्या मोठ्यानं हसला की आतून ख्रुसानोवाबाई ओरडल्या, "मेतोदी, पुढं हो, नाहीतर तुझा गळ मीच घरी नेईन!" देनी हसली नाही. मीही नाही. विनोद आपोआप तोंडातून जात होते, जसा हात आपोआप दार लावतो.

आमचा नंबर आला. मी सगळं पाठ करून गेले होते, कुठला कागद आधी द्यायचा, काय बोलायचं. बोलले. एकदाही अडखळले नाही. बाईंनी खोकं कापलं. फेस, मग फुग्यांचा कागद, मग प्लॅस्टिकचा मुखवटा, आणि मुखवट्याआड चेहरा, पण बाईंनी तो तळहातावर पालथाच धरला. धड टेबलावर उताणं ठेवलं. डोकं मानेशी नेलं.

"रंग बघा," त्या म्हणाल्या. "हे दुधासारखं, हे पिवळ्या लोण्यासारखं. एकीचं वाटत नाही."

"धडाला ऊन लागलंय. डोकं पाच महिने अंधारात होतं. डोक्याची वरची टोपी निघते, ती काढा. आत आकडा आहे."

बाईंनी टोपी काढली. आत कोरलं होतं, चारशे सतरा. मी कोरियाहून आलेलं जाड कार्ड पुढं केलं. चारशे सतरा. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग मानेतला तारेचा हुक डोक्याच्या भोकातून वर ओढून बघितला. चपखल बसला.

"जुळतंय," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त बरं वाटलं. "पस्तीस लेव्ह. हुशार मुली आहात. फक्त पुढच्या वेळी जाताना खरं लिहा." त्यांनी नवीन अर्ज ओढला आणि लिहायला लागल्या. "मालकीण, स्नेझाना... आडनाव सांग. घेणारी, तिची मुलगी देनित्सा. सही इथं कर."

पेन देनीकडे आलं. तिनं ते हातात घेतलं. कागद वाचला. तिला मी आठ वर्षं ओळखते, ती कुठलाच कागद वाचत नाही.

"म्हणजे ती माझी होणार?"

"तुझ्या आईची. म्हणजे तुझीच."

"सगळी?"

"डोकं, धड, सगळी. दुरुस्तीला गेली ती एक बाहुली, परत आली ती एक बाहुली, मालकीण एक."

"पण डोकं हिचं आहे."

"पार्सल हिच्या नावानं आलंय, ते खरं. डोकं हिचं धरायचं तर मग ते हिनं इंग्लंडहून आणलं असं होईल. ते नवीन झालं. एकशे सदुसष्ट. माझ्या अर्जावर अर्ध्या बाहुलीला रकाना नाही, बाळा."

"सही कर ना," मी देनीला म्हटलं. "कागदावर तर लिहायचंय."

देनीनं पेन खाली ठेवलं. "नको."

"काय नको?"

"डोकं तिचं आहे," ती बाईंना म्हणाली, माझ्याकडे न बघता. "तिनं डोक्याचे दिले, मी धडाचे दिले. तसंच लिहा."

मी तिला कोपरापाशी धरून खिडकीपासून बाजूला ओढलं. "वेड लागलंय का तुला? एकशे सदुसष्ट! माझ्याकडे एकशे दहा आहेत, तेही समुद्राचे!"

"माझ्याकडे पन्नास युरो आहेत. आजीनं उल्मसाठी दिलेत."

"अगं पण कशासाठी? तू चाललीस. ने तिला. घेऊन जा सगळी, मला चालेल. खरंच चालेल मला."

"माहितीय तुला चालेल."

"मग?"

"तेओदोरा गेली तेव्हा पण तुला चाललं होतं." ती हळू बोलत होती, भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बघत. "सातवीत. तिचं सायकलचं हेल्मेट होतं तुझ्याकडे. ते धुऊन पुसून परत दिलंस आणि संपलं. ती सोफियाहून फोन करायची, तू उचलायची नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, का उचलू, तिचं काही नाही माझ्याकडे."

हेल्मेट निळं होतं, आणि ते मी खरंच धुतलं होतं, आतल्या पट्ट्या वेगळ्या काढून.

"मी सगळी नेली," देनी म्हणाली, "की तू म्हणणार, झालं, मिटलं. आत्तापासूनच म्हणतेयस. एप्रिलपासून आली नाहीस."

"तालीम होती."

"होती."

पलीकडून ख्रुसानोवाबाईंनी पेनानं काचेवर टकटक केलं. "मुलींनो, साडेतीन होऊन गेले. भट्टीचा माणूस सव्वाचारला येतो."

मी खिडकीशी गेले. बोलताना आवाज नेहमीसारखाच होता, त्यात काही कमीजास्त नव्हतं. "माझ्या नावानं लिहा. डोकं. एकशे सदुसष्ट."

बाईंनी चष्मा काढला. "काय म्हणालीस?"

"पूर्ण भरते. फक्त सत्तावन्न कमी आहेत, ते युरोत आहेत."

"युरो मी घेत नाही." त्यांनी देनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग टेबलावरच्या बिनडोक्याच्या बाहुलीकडे. "बावीस वर्षं बसतेय मी या खिडकीत. कमी करा म्हणून लोक देवाची शपथ घेतात, मेलेल्या आईची घेतात, जिवंत आईला मारून तिचीही घेतात. जास्त घ्या म्हणून भांडणाऱ्या तुम्हीच पहिल्या. हे मी घरी सांगितलं तर नवरा म्हणेल, उन्हात बसलीस का आज?"

"घ्याल ना?" देनीनं विचारलं.

"घेईन. सरकार काय नाही म्हणतंय? चौकात पैसे बदलायचं दुकान आहे. पळा. धड इथंच राहू दे, माझ्याकडे तारण."

आम्ही पळालो. दुकानात एक बाई नोटांचं एक बंडल बदलत होती आणि प्रत्येक नोट उजेडात धरून बघत होती. देनीनं तिला म्हटलं, "मावशी, आमचं एक डोकं जळणार आहे हो." त्या बाईनं आम्हाला पुढं जाऊ दिलं, पण ती डोक्याऐवजी काय समजली असेल देव जाणे. पन्नासचे सत्त्याण्णव आले. परत पळालो. चाराला सात मिनिटं होती. खिडकीवर 'बंद' अशी पाटी आली होती आणि पाटीमागे ख्रुसानोवाबाई चेरी खात बसल्या होत्या. पाटी त्यांनी हातानं बाजूला केली.

मी माझ्या एकशे दहा आणि देनीच्या सत्तावन्न अशा नोटा काचेखालून सरकवल्या. माझ्या पाकिटात आता काहीच उरलं नाही. बाईंनी पावती फाडली, शिक्का मारला, मग दुसरा. "घेणारी, रालित्सा. नग एक. सही."

मी सही केली. त्यांनी डोकं परत मुखवट्यात घालून खोक्यात ठेवलं आणि माझ्याकडे दिलं. धड उचलून देनीकडे दिलं. दोघींना वेगवेगळं, जणू आम्ही एकमेकींना ओळखतच नव्हतो.

बाहेर बाकावर बसलो. वर लिंडनची झाडं फुलली होती आणि सगळं चिकट झालं होतं, बाकसुद्धा. देनी म्हणाली, "बघायचं नाही?"

मी मुखवटा काढला. आम्ही हेझेलबाईंना लिहून पाठवलं होतं की वर्गात विनोद ऐकलाय पण हसायची सोय नाही, असं तोंड हवं. अगदी तसंच होतं. ओठ दाबलेले, एक कोपरा सुटायच्या बेतात. नाकावर सात-आठ तपकिरी ठिपके. दोन्ही भुवया जागेवर.

"छान आहे," मी म्हटलं.

"हो. छान आहे."

मी वाट बघितली, आता काहीतरी वाटेल म्हणून. समोरून एक कुत्रं गेलं.

"जोडून बघायची?" मी विचारलं.

"नको. मग काढावी लागेल." देनीनं धड पिशवीत घातलं, या वेळी पाय आत. "नाताळला येतोय आम्ही. आजीकडे. तेव्हा डोकं घेऊन ये. किंवा तू ये उन्हाळ्यात. उल्मलाही डान्यूबच आहे. तीच नदी, फक्त वरच्या अंगाला."

"फोन कर," मी म्हटलं.

"उचलशील?"

"उचलीन."

"बघू," ती म्हणाली, आणि तिचं घर जवळच होतं म्हणून ती चालत गेली. वळून बघितलं नाही. पिशवी खांद्यावर उडत होती.

मी ट्रॉलीबसमध्ये चढले आणि खिडकीशी बसले, खोकं मांडीवर. दोन थांबे गेले. तिकीटवाल्या बाई आल्या, जाड्या, कमरेला चामडी पाकीट.

"तिकीट, राणी."

मी खिशात हात घातला. मग पाकीट उघडलं. मग दप्तर उघडलं. तेव्हा कुठं कळलं की एक स्तोतिन्कासुद्धा नाही, सगळं मी देऊन टाकलंय. मी म्हणायला गेले, "पैसे नाहीत," आणि "पै"च्या पुढं काही बाहेरच आलं नाही. नाक वाहायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि मी एवढ्या मोठ्यानं रडले की पुढचा माणूस वर्तमानपत्र खाली करून मागे वळला.

"अगं, अगं!" तिकीटवाल्या बाई घाबरल्याच. "एका तिकिटासाठी? नसले तर नसले! मी काय राक्षस आहे का? लोकहो, मी हिला काही बोलले का? काहीच बोलले नाही!"

"पोरगी भुकेली असेल," कोणीतरी म्हणालं. माझ्या हातात अर्धा गेव्रेक आला, तीळ लावलेला कड्यासारखा पाव. दुसरीकडून रुमाल आला. एक आजोबा म्हणाले, "हल्ली परीक्षा फार कठीण काढतात." मला सांगायचं होतं की तिकीट नाही, भूक नाही, परीक्षाही नाही. पण रडताना बोलता येत नाही, माइक असला तरी येत नाही. मी गेव्रेक खात रडत होते आणि खोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"कुठं उतरायचं तुला?" बाईंनी विचारलं. त्या शेजारीच बसल्या होत्या, बाकीच्यांची तिकिटं सोडून.

मी बाहेर बघितलं. माझा थांबा कधीच मागे गेला होता.